सायगावचा पाव आपल्या स्वयंपाकघरात

फ्रेंच लोक व्हिएतनाममध्ये आले ते आपला लांबोडका बगेत पाव घेऊनच. गहू तिथे जवळजवळ पिकतच नाही. पीठ बाहेरून आणावे लागे. त्यामुळे पाव बराच काळ साहेबाच्या टेबलावर राहिला. सोबत हॅम, लोणी, काटे-चमचे. १९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाले आणि लाखो माणसे उत्तरेकडून दक्षिणेत आली. अशाच एका जोडप्याने १९५८ मध्ये सायगावात 'होआ मा' हे दुकान थाटले. कामाला पळणाऱ्यांना बशी घेऊन बसायला वेळ कुठला? मग बशीतले सारे पावाच्या पोटात भरून हातात दिले जाऊ लागले. १९७५ नंतर परागंदा झालेल्या कित्येक व्हिएतनामी कुटुंबांना अमेरिका-ऑस्ट्रेलियात याच 'बान मी'ने पोटाला लावले.

थंड मांसाच्या कापांची 'बान मी' करायची तर हवा 'चा लुआ', म्हणजे डुकराच्या मांसाचा रेशमासारखा गुळगुळीत रोल. विकतच्या रोलला लवचीकपणा यावा म्हणून व्हिएतनाममध्ये काही जण बंदी असूनही त्यात टाकणखार घालतात. तेव्हा घरी केलेला बरा.

अर्धा किलो बिनचरबीच्या मांसाचे तुकडे फ्रीझरमध्ये कडक होईपर्यंत ठेवावेत. त्यात दोन मोठे चमचे फिश सॉस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, एक लहान चमचा बेकिंग पावडर, मिरपूड आणि थोडे बर्फाचे पाणी घालून मिक्सरवर थांबत थांबत वाटावे. मिक्सर तापला की मांस तापते, आणि मग रोल रवाळ होऊन कापताना त्याचा भुगा होतो. घाई नडते ती इथेच. वाटण केळीच्या शेकलेल्या पानात गच्च गुंडाळून, दोऱ्याने बांधून तासभर उकळावे. पूर्वी तिकडे रोलच्या घेराएवढी उदबत्ती लावत. ती संपली की रोल शिजला! काप मात्र पूर्ण गार झाल्यावरच करावेत.

मुळा आणि गाजर काडीसारखे चिरून मीठ-साखर चोळावी. मुळ्याची काडी न मोडता वाकली की धुऊन, पिळून घ्यावी. एक कप व्हिनेगर, एक कप पाणी आणि अर्धा कप साखर यांच्या मिश्रणात तासभर मुरवावी. भरताना पुन्हा निथळावी, नाहीतर पावाचा लगदा होतो.

बगेत न मिळाल्यास इराण्याकडचा ब्रून चालेल. आतला थोडा गर काढून पाव गरम करावा. एका बाजूला मेयोनीज (लहान मुले, गर्भवती असल्यास कच्च्या अंड्याचे नको), दुसऱ्या बाजूला कलेजीची पेस्ट. मग रोलचे काप, काकडी, मुळा-गाजर, हिरवी मिरची आणि सढळ हाताने कोथिंबीर. कोथिंबिरीत काटकसर केली तर तो नुसता सँडविच.

शाकाहारी घरांनीही हिरमुसू नये. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी तिथले अनेक बौद्ध मांस वर्ज्य करतात, तेव्हा हाच पाव सोयाबीनच्या पनीराने, म्हणजे टोफूने भरतात. टोफू तळून, सोया सॉसमध्ये घोळवून घ्यावा. बाकी कृती तीच.