परतीचा भार कापडावर

माणसांना अंतराळात नेणाऱ्या भारताच्या गगनयानावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी इंजिनांची माहिती काढली. त्या बाजूला आपल्याकडचं पुष्कळ काही आहे. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिनं घडतात. गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या कडेला लागणाऱ्या एस-२०० बूस्टरची पोलादी कवचं पवईला लार्सन अँड टुब्रोत आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार होतात. जाण्याचा सगळा मामला पोलादाचा आणि आगीचा. परतीचं वाचायला घेतलं आणि कापडापाशी अडलो. गिरण्यांच्या लोअर परळमधल्या माणसानं कापडापाशी थांबायचं नाही तर कुठे?

आपला परतीचा इतिहास थोडक्यात असा. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ मधून अंतराळात गेले आणि ११ एप्रिलला सोयूझ टी-१० मधून कझाकस्तानच्या माळरानावर उतरले. २००७ च्या जानेवारीत इस्रोनं ५५० किलोची कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून बंगालच्या उपसागरात उतरवली. २०२५ च्या जुलैत शुभांशू शुक्ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ चार पॅराशूटांना लटकून पाण्यात आले.

चारशे किलोमीटर उंचीवर यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं फिरत असतं. परतताना उलट दिशेला इंजिन थोडा वेळ पेटवायचं. वेग जरासाच घटतो, पण तेवढ्यानं वाट खाली वळते आणि यान वातावरणात शिरतं. पुढचा ब्रेक हवाच लावते. समोर दाबली गेलेली हवा भयंकर तापते आणि ती धग बुडाचं उष्णताकवच सोसतं. एवढं होऊनही कुपी माणसाचा जीव जाईल अशाच वेगानं खाली येत असते. तिथून पुढचं काम कापडाचं.

गगनयानाच्या कुपीत दहा पॅराशूटं आहेत. पहिली दोन वरचं झाकण ओढून काढतात. मग ५.८ मीटर व्यासाची दोन ड्रोग पॅराशूटं कुपीचं डोलणं आवरतात आणि वेग कमी करतात. नंतर तीन छोटी पायलट पॅराशूटं तीन मोठ्यांना बाहेर खेचतात. मोठ्यांचा व्यास प्रत्येकी २५ मीटर. त्यातली दोन उघडली तरी माणसं सुखरूप उतरावीत, असा हिशेब आहे. हे काम आग्र्याच्या एडीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचं.

मला झपाटलं ते या पॅराशूटांच्या तोंडाशी असलेल्या दोरीनं. एवढं कापड एका झटक्यात फुललं, तर त्या हिसक्यानं ते फाटेल किंवा दोर तुटतील. म्हणून बटव्याला नाडी असते तशी घेराच्या कडेला कड्यांमधून दोरी ओवलेली असते. पॅराशूट आधी अर्धवटच फुगतं. ठरलेले काही सेकंद गेले की बारूदभरली छोटी कातरी दोरी कापते आणि घेर पूर्ण उघडतो. कातरी लवकर चालली तर हिसका, उशिरा चालली तर एका बाजूला ओढ.

आमच्या भागातले एक आबा १९८२ च्या गिरणी संपापर्यंत गिरणीच्या साचेखात्यात होते. त्यांना मी तंबूच्या कापडाचा तुकडा दाखवला. पॅराशूटांनाही याच विणीचं नायलॉन वापरतात. त्यांनी तो उजेडाकडे धरला, नखानं एक धागा उचकला.

"दर थोड्या अंतरावर जाड तार घातलीय बघ," ते म्हणाले. "फाटत गेलं तरी या चौकटीत अडतं. कापड दगा देणार नाही. शिवण तपासा म्हणावं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि घडी कोण घालतं?"

खरी मेख तिथेच आहे. एवढं कापड यंत्रानं दाबून दाबून लाकडासारखं घट्ट करतात आणि लहानशा डब्यात बसवतात. आत कुठे पीळ राहिला तर बाहेरून दिसत नाही. २४ एप्रिल १९६७ ला सोयूझ-१ चं मुख्य पॅराशूट डब्यातून निघालंच नाही, राखीव होतं ते गुंतलं, आणि व्लादिमिर कोमारोव्ह गेले. उलट ७ ऑगस्ट १९७१ ला अपोलो-१५ च्या तिनांतलं एक पॅराशूट मिटलं, तरी तिघेही अंतराळवीर वाचले.

म्हणून इस्रो मुद्दाम बिघाड करून पाहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबीनाला पाच टनांचं वजन विमानातून सोडलं, ते एक मोठं पॅराशूट निकामी धरून, उरलेल्या दोनांच्याच भरवशावर. २१ ऑक्टोबर २०२३ च्या उड्डाण-चाचणीत पॅराशूटांनी चोख काम केलं, पण समुद्रात कुपी उलटी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये श्रीहरिकोटाजवळ हेलिकॉप्टरमधून कुपीचा नमुना टाकून पॅराशूटांची साखळी पुन्हा तपासली. तरी कक्षेतून खऱ्या वेगानं येणारी कुपी हीच शेवटची परीक्षा, आणि ती माणसं बसवण्याआधी रिकाम्या यानानंच द्यायला हवी.

२०१८ साली गगनयानाची घोषणा झाली तेव्हा २०२२ ची मुदत दिली होती. ती कधीच उलटली. यापुढे तारीख पुन्हा सरकली तर 'रखडलं' म्हणून नाकं मुरडू नका. पॅराशूटांच्या चाचण्या किती झाल्या आणि त्यांत काय सापडलं, एवढं विचारा. उड्डाणाची तारीख त्या उत्तरावरूनच ठरावी.