तीन सर्व्हर जोडले, म्हणजे मेसेज सुरक्षित झाले?

तीन सर्व्हर घ्यायचे, तिन्हींवर रॅबिटएमक्यू चढवायचं, एकमेकांना जोडायचं आणि मॅनेजमेंटच्या पानावर तिन्ही नोड हिरवे दिसले की ग्रुपवर 'क्लस्टर रेडी' असं टाकून मोकळं व्हायचं. काम खरोखरच अर्ध्या तासाचं आहे. घोळ त्या अर्ध्या तासात होत नाही. तो होतो त्यानंतर सगळ्यांनी मनाशी धरलेल्या समजुतींमुळे. 'आता एखादा सर्व्हर पडला तरी बिघडत नाही' ही त्यातली सर्वांत महागात पडणारी.

मेसेज क्यूशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी दोन शब्द. ऑनलाइन दुकानात कोणी ऑर्डर दिली की बिल बनवणं, गोदामाला कळवणं, ग्राहकाला एसएमएस पाठवणं ही कामं जागच्या जागी उरकत बसण्याऐवजी त्यांचे मेसेज क्यूमध्ये टाकतात. ती कामं करणारे प्रोग्रॅम, म्हणजे कन्झ्युमर, आपापल्या वेगाने ते उचलतात. क्यू सांभाळणारा हा मधला ब्रोकर बसला की मागचे-पुढचे सगळेच खोळंबतात. म्हणून त्याचा क्लस्टर करायचा. असाच एक ब्रोकर असलेलं रॅबिटएमक्यू २००७ मध्ये आलं. मालक बदलत बदलत ते आता ब्रॉडकॉमकडे आहे, पण सोर्स कोड खुला आहे आणि लहान-मोठ्या कंपन्यांत ते सर्रास सापडतं.

'क्लस्टर केला, म्हणजे सगळ्याची प्रत तिन्हीकडे आहे'

नाही. सगळ्या नोडवर प्रत असते ती युजर, परवानग्या, व्हर्च्युअल होस्ट, एक्स्चेंज, बाइंडिंग, पॉलिसी यांची, म्हणजे कारभाराच्या माहितीची. क्यूमधले मेसेज त्यात येत नाहीत. साधी, म्हणजे 'क्लासिक' क्यू एकाच नोडवर राहते. बाकीच्या दोघांना ती कुठे आहे एवढंच ठाऊक असतं. बँकेच्या तिन्ही शाखांत खातेदारांची यादी तीच, पण रोकड एकाच शाखेच्या तिजोरीत, असा हा प्रकार. तुमचा प्रोग्रॅम भलत्याच नोडला जोडलेला असला तरी तो नोड मुकाट्याने मेसेज योग्य जागी पोचवतो, त्यामुळे सगळं सुरळीत चालू असेपर्यंत हा फरक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

टेस्टच्या क्लस्टरमध्ये तो एक नोड मुद्दाम बंद करून पाहा. मॅनेजमेंटच्या पानावर क्यू 'डाउन' दिसू लागते. ती ड्युरेबल असेल आणि प्रोग्रॅम ती पुन्हा डिक्लेअर करायला गेला, तर ४०४ ची एरर हातात पडते. तिचा मजकूर असा की या क्यूचा होम नोड बंद आहे किंवा त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. उरलेले दोन नोड धडधाकट असूनही तुमच्यासाठी क्यू बंदच. पहिल्यांदा हे पाहणारा चिडतो, पण रॅबिटएमक्यूचं वागणं बरोबर आहे. दुसऱ्या नोडवर त्याच नावाची रिकामी क्यू उघडून दिली असती, तर मूळ नोड परतल्यावर दोघींतली खरी कोणती?

मेसेज खरोखर तीन ठिकाणी हवा असेल तर क्यू 'कोरम' प्रकारची लागते. हा प्रकार २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीबरोबर आला. त्याच्या मुळाशी आहे राफ्ट ही पद्धत. स्टॅनफर्डच्या दिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहौट यांनी २०१४ मध्ये ती मांडली. प्रत्येक क्यूचा एक लीडर, बाकीचे फॉलोअर. बहुसंख्य नोडच्या डिस्कवर मेसेज लिहिला गेला की मगच पाठवणाऱ्याला पोच मिळते. लीडर पडला तर उरलेले आपल्यातून नवा निवडतात.

इथे दोन खड्डे आहेत आणि भलेभले त्यांत पडतात. पहिला असा की क्यूचा प्रकार ती जन्मताना ठरतो, नंतर बदलत नाही. कोडमध्ये 'कोरम' लिहून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि त्या नावाची क्लासिक क्यू आधीच असली, तर ४०६ ची एरर येते. नवी क्यू काढून मेसेज तिकडे हलवण्याला पर्याय नाही. दुसरा खड्डा जास्त फसवा. पहिला नोड उभा केला, अ‍ॅप्लिकेशन जोडून पाहिलं, त्याने आपल्या कोरम क्यू तयार करून घेतल्या, आणि मग सवडीने दुसरा-तिसरा नोड जोडला. या क्रमाने गेलात तर त्या क्यूंचा सदस्य एकच, पहिला नोड. नवे नोड आले म्हणून जुन्या क्यू आपणहून त्यांच्यावर पसरत नाहीत. त्यासाठी 'ग्रो' ही आज्ञा द्यावी लागते किंवा तसं सेटिंग मुद्दाम चालू करावं लागतं. नाव कोरम, नोड तीन आणि प्रत एक! आधी क्लस्टर पुरा करा, मग अ‍ॅप्लिकेशनला हात लावू द्या.

उलट टोकाला जाऊन सगळ्याच क्यू कोरम करण्याची हौसही काही ठिकाणी दिसते. उत्तर येईपर्यंतच जगणाऱ्या तात्पुरत्या क्यूंना त्याची गरज नाही. कोरम क्यू तात्पुरत्या किंवा एकाच कनेक्शनपुरत्या असूच शकत नाहीत. गहाळ झाला तर पैसे किंवा ग्राहक जाईल असा मेसेज कोणता, हे आधी ठरवा आणि त्याच्याच क्यू कोरम करा.

'एचए-मोड ऑल अशी पॉलिसी लावली की काम फत्ते'

इंटरनेटवरच्या जुन्या लेखांचा हा प्रसाद. ही पॉलिसी मिरर्ड क्यूची, आणि मिरर्ड क्यू ही आधीची सोय होती. २०२१ मध्ये तिला निरोप देणार असं जाहीर झालं आणि २०२४ च्या ४.० आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. आज नव्या क्लस्टरवर ती पॉलिसी लावून क्यू मिरर होत नाही. धोका मात्र तोच राहतो.

'सुरुवातीला दोन नोड पुरेत'

बजेट मंजूर करणाऱ्याला हे फार पटतं. पण कोरमचा हिशोब बहुमताचा आहे. तिघांत एक पडला तर दोघांचं बहुमत उरतं. दोघांत एक पडला तर उरलेला एक म्हणजे निम्मे, आणि निम्मे म्हणजे बहुमत नव्हे. चार नोड घेऊनही एकच पडलेला चालतो, पाच घेतले तर दोन. म्हणून संख्या विषम ठेवायची.

नेटवर्क तुटून नोड एकमेकांना दिसेनासे झाले तर काय करायचं, यासाठी 'पॉज मायनॉरिटी' हे सेटिंग आहे. अल्पमतातल्या नोडने स्वतःहून थांबावं, असा त्याचा अर्थ. दोन नोडच्या क्लस्टरवर ते लावलंत तर दोघेही स्वतःला अल्पमतात समजतात आणि दोघेही थांबतात. एक यंत्र बिघडलं म्हणून दुसरं चांगलं यंत्रही बंद. ते सेटिंग न लावता मूळच्या 'इग्नोर'वर ठेवलं, तर दोन्ही बाजू आपापला संसार थाटतात आणि नंतर कोणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवत बसता. हे पर्याय मेनेशिया या जुन्या अंतर्गत डेटाबेसचे आहेत. ४.० पासून पूर्ण पाठिंबा मिळालेला खेप्री हा नवा डेटाबेस स्वतःच राफ्टवर चालतो, म्हणजे तिथेही बहुमताशिवाय गत्यंतर नाही. दोन नोडचेच पैसे असतील तर एकच चांगला नोड आणि त्याच्या दुरुस्तीची लेखी तयारी, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

'कुकी म्हणजे पासवर्डच, त्यामुळे नोडमधला व्यवहार सुरक्षित आहे'

रॅबिटएमक्यू एरलँग भाषेत लिहिलेलं आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडलेली ही भाषा १९९८ मध्ये खुली झाली. नोड एकमेकांना ओळखतात ते एरलँगच्या 'कुकी'वरून. ही एका फाइलमधली अक्षरांची ओळ असते आणि ती सगळ्या नोडवर तंतोतंत तीच लागते. ती जुळली की दार उघडतं, पण नोडमधला व्यवहार त्याने कूटबद्ध होत नाही. त्यासाठी टीएलएस वेगळं लावावं लागतं. आणि कुकी ज्याच्या हाती पडली, तो त्या नोडवर मनाला येईल तो कोड चालवू शकतो. म्हणून ४३६९ आणि २५६७२ ही पोर्ट फक्त नोड आणि त्यांचा कारभार पाहणारी यंत्रं यांच्यापुरती उघडी ठेवायची. अ‍ॅप्लिकेशनला ५६७२, टीएलएस असेल तर ५६७१, एवढंच पुरतं.

पहिल्या जोडणीत बहुतेकांचा वेळ खाणारी चूक याच कुकीत आहे. फाइल दोन जागी असते. एक सर्व्हरच्या डेटा डिरेक्टरीत, जी रॅबिटएमक्यूचा स्वतःचा युजर वाचतो. दुसरी आज्ञा देणाऱ्या युजरच्या होम डिरेक्टरीत, जी कमांड लाइनची हत्यारं वाचतात. कॉपी करताना पहिली बदलली आणि रूटची तशीच राहिली, की सर्व्हर व्यवस्थित चालू असतो, पण स्टेटस विचारलं तर ओळख पटली नाही म्हणून हाकलून देतो. माणूस फायरवॉल तपासत बसतो. फाइलची परवानगी ४०० आणि मालक योग्य आहे ना, हेही तिथेच पाहून घ्यावं.

होस्टनेमचं दुखणं याला जोडूनच येतं. नोडच्या नावात होस्टनेम असतं आणि प्रत्येक नोडला बाकीच्यांची नावं ओळखता यावी लागतात. आयपी पत्त्याने पिंग लागतो, एवढ्याने भागत नाही. कोणी नंतर सर्व्हरचं होस्टनेम बदललं तर नोड रिकामा होऊन उठतो, ना युजर ना क्यू. डेटा उडाला असं वाटून घाम फुटतो. प्रत्यक्षात डेटाची डिरेक्टरी नोडच्या नावाने असते, त्यामुळे जुना डेटा जुन्या नावाच्या डिरेक्टरीत सुखरूप पडून असतो.

डेटा खरंच उडतो तो 'रिसेट'ने. दुसरा नोड जोडताना स्टॉप-अ‍ॅप, रिसेट, जॉइन-क्लस्टर, स्टार्ट-अ‍ॅप असा क्रम असतो, आणि रिसेट म्हणजे त्या नोडवरचं सगळं पुसणं. तीन टर्मिनल शेजारी-शेजारी उघडी असताना ही आज्ञा चुकीच्या खिडकीत द्यायला वेळ लागत नाही. प्रॉम्प्टवरचं नाव वाचून मगच एंटर दाबा.

'एका नोडची डिस्क भरली तर त्याचंच अडेल'

अडतं सगळ्यांचं. एखाद्या नोडवर मेमरीचा किंवा डिस्कचा अलार्म वाजला की अख्ख्या क्लस्टरमध्ये नवे मेसेज घेणं थांबतं. एरर येत नाही हा यातला खरा त्रास. पाठवणारी कनेक्शन 'ब्लॉक्ड' होऊन नुसती थिजतात, आणि अ‍ॅप्लिकेशनवाले म्हणतात तुमची क्यू हँग झाली. डिस्कची मूळ मर्यादा फक्त ५० एमबी मोकळ्या जागेची आहे, म्हणजे अलार्म वाजेपर्यंत पाणी नाकापर्यंत आलेलं असतं. खऱ्या वापरासाठी ती वाढवणं हे इन्स्टॉलेशनचंच काम समजा. फाइल डिस्क्रिप्टरची मर्यादाही त्याच बैठकीत वाढवा.

'एक नोड दुसऱ्या शहरात ठेवला की आपत्तीचीही सोय झाली'

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचे भारतात दोन प्रदेश आहेत, मुंबई २०१६ पासून आणि हैदराबाद २०२२ पासून. साहजिकच दोन नोड मुंबईत, एक हैदराबादला, अशी चित्रं बैठकांत काढली जातात. रॅबिटएमक्यूचा क्लस्टर असा लांबच्या नेटवर्कवर ताणू नये, असं ते बनवणारेच सांगतात. एरलँगचे नोड एकमेकांशी सतत बोलत असतात, आणि मधली लाइन जरा डळमळली की समोरचा मेला असं धरून चालतात. मुंबईतल्याच तीन झोनमध्ये एकेक नोड ठेवणं ठीक. दुसऱ्या शहरासाठी तिथे स्वतंत्र क्लस्टर आणि मध्ये फेडरेशन किंवा शॉव्हल, जे लाइन तुटली तर वाट पाहतात आणि जुळली की पुन्हा कामाला लागतात.

'नोड वाढवले की वेग वाढतो' हा गैरसमज लवकर मिटतो. एका क्यूचं सगळं काम तिच्या लीडरकडून होतं, त्यामुळे नोड वाढवून ती एक क्यू वेगवान होत नाही. प्रती वाढल्या तर उलट थोडी मंदावते. काम अनेक क्यूंत वाटलेलं असेल तरच जादा नोडचा उपयोग. आणि क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी क्यू 'पर्ज' केली तर ती तिन्हीकडे तितक्याच तत्परतेने रिकामी होते.

'एक नोड पडला तर क्लायंट आपोआप दुसरीकडे जाईल'

क्लायंटला एकाच सर्व्हरचा पत्ता दिला असेल तर तो कुठे जाणार? सगळ्या नोडची यादी द्या किंवा पुढे एचएप्रॉक्सीसारखा लोड बॅलन्सर ठेवा. यादी दिली तरी पुन्हा जोडण्याची अक्कल प्रत्येक लायब्ररीत सारखी नसते. जावाच्या क्लायंटमध्ये ती आहे, पायथनच्या पिकामध्ये मात्र तो कोड आपणच लिहायचा असतो. पाठवणाऱ्याने पोच मागितलीच नाही, किंवा कन्झ्युमरने काम होण्याआधीच मेसेज मिळाल्याची पावती देऊन टाकली, तर पाच नोडचा क्लस्टरही तो मेसेज वाचवू शकत नाही.

अपग्रेडच्या वेळी नोड एकेक करून बंद-चालू करतात तेव्हाही हेच सगळं पणाला लागतं. त्याआधी फीचर फ्लॅग चालू आहेत का आणि एरलँगची आवृत्ती चालणारी आहे का, ते पाहायचं. लिनक्सच्या नेहमीच्या भांडारातलं एरलँग बरेचदा जुनं असतं. फेरी संपली की क्यूंचे लीडर एकाच नोडवर गोळा झालेले सापडतात, कारण जो नोड बंद झाला त्याच्यावरचे लीडर निघून गेले आणि तो परत उठला तरी ते आपणहून परतले नाहीत. एकाचा सीपीयू तापलेला आणि दोघे निवांत, असं चित्र दिसलं तर नवा सर्व्हर मागण्याआधी 'रिबॅलन्स'ची आज्ञा चालवा. ती लीडर पुन्हा वाटून देते.