मायबापांना मायबापांचीच सोबत

देवदूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया दार लावून घरात बसली नाही. ती उठली, डोंगराळ मुलखाची वाट धरली आणि आपली वृद्ध आप्त एलिझाबेथ हिच्या उंबरठ्यावर जाऊन उभी राहिली. एकीच्या पोटी उतारवयात आलेले बालक, दुसरीच्या पोटी जगाला न उलगडणारे बालक. शेजारपाजारच्या बायांना त्यांतले काय कळणार होते? संत लूक सांगतो की मरिया तेथे सुमारे तीन महिने राहिली. भेटीच्या क्षणीचे उद्गार शुभवर्तमानात आहेत. पुढच्या तीन महिन्यांतले बोलणे मात्र नाही. पाणी भरताना, पीठ मळताना त्या दोघी काय बोलल्या असतील ते ज्या मातांवर अशी वेळ आली आहे त्यांनाच ठाऊक. ज्यांचे मूल इतरांच्या मुलांसारखे नाही अशा मातापित्यांविषयी आज लिहावयाचे आहे, म्हणून ह्या भेटीचे स्मरण प्रथम केले.

सुरत शहराच्या पूर्वेस पर्वत पाटिया नावाची वस्ती आहे. नावात पर्वत असला तरी तेथे साधी टेकडीही नाही. पर्वत हे जुन्या गावाचे नाव, आणि गावाकडे वळणारी वाट जेथे हमरस्त्याला मिळते त्या जागेस गुजरातीत पाटिया म्हणतात. ह्या भागात आणि शेजारच्या लिंबायतेत मराठी माणूस मोठ्या संख्येने राहतो. ताप्ती लाइनच्या गाडीने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली ही कुटुंबे. पुरुष लूमवर बारा-बारा तास उभे राहतात किंवा कापडबाजारात गाठोडी वाहतात. बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात, धागे कातरतात. घरी खानदेशी बोली, शाळेत मराठी किंवा गुजराती, बाजारात हिंदी असा त्यांचा व्यवहार चालतो. आजी, काकू, आत्या गावी राहिलेल्या. मूल रडले तर क्षणभर उचलून घेणारे दुसरे हात घरात नसतात.

अशा एखाद्या घराचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. तीन वर्षांचा मुलगा आहे. दिसावयास गोंडस, चालणे-पळणे चोख. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखतो. बोट दाखवून काही मागत नाही. आईचा हात धरून तिला फळीपाशी ओढत नेतो. बाटल्यांची झाकणे ओळीने मांडतो आणि ओळ मोडली की तासभर आक्रोश करतो. केस कापणे, नखे काढणे, नवा सदरा घालणे ह्या प्रत्येक गोष्टीचे युद्ध होते. दीड वर्षाचा असताना ‘आई’ म्हणत असे, तेही थांबले. डॉक्टरांनी सांगितलेला शब्द आहे ऑटिझम. मराठीत त्यास स्वमग्नता म्हणतात. शब्द सुबक आहे, पण थोडा फसवा. जणू ते मूल आपल्या इच्छेने स्वतःत रमले आहे आणि आईने नीट हाक मारली असती तर बाहेर आले असते, असा भास त्यातून होतो. वस्तुतः ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात शंभर-सव्वाशे माणसांमागे एकाची घडण अशी असते. म्हणजे पर्वत पाटियासारख्या दाट वस्तीत अशी घरे एक-दोन नव्हेत, पुष्कळ असली पाहिजेत. पण प्रत्येक घरास वाटते की हे आपल्यावरच आले.

ह्या विकाराची ओळख जगाला कशी झाली, तो इतिहास ह्या मायबापांना कोणी तरी सांगावयास हवा. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर ह्यांनी अकरा बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील पहिले बालक मिसिसिपी प्रांतातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा डॉनल्ड. त्याच्या पित्याने डॉक्टरांना मुलाविषयी ३३ पानांचे टंकलिखित पत्र पाठविले होते. डॉक्टरांच्या निबंधाचा आरंभ झाला तो ह्या पित्याच्या टिपणांवरून. पुढे डॉनल्ड त्याच गावी वाढला, बँकेत नोकरीस लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याला त्याच्या लकबींसह आपला मानले होते.

परंतु डॉनल्डसारखे भाग्य थोड्यांचेच. मध्यंतरी विद्वानांनी असा सिद्धांत मांडला की आईचे प्रेम थंड असल्यामुळे मूल असे होते. बर्फाच्या कपाटाची उपमा त्या मातांना देण्यात आली! ब्रूनो बेटलहाइम ह्यांनी १९६७ साली ह्या मतावर मोठा ग्रंथ लिहिला. किती मातांनी हा आरोप मुकाट्याने गिळला असेल! त्याचे खंडन ज्याने केले तोही एक बापच. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा मार्क असाच. १९६४ साली त्यांनी ग्रंथ लिहून दाखवून दिले की दोष ममतेत नसून कारण शरीरात आहे, आणि पुढच्याच वर्षी इतर पालकांना घेऊन राष्ट्रीय संस्था स्थापिली. इंग्लंडात पालकांनी अशी संस्था १९६२ सालीच उभारली होती. १९६९ साली अमेरिकेतील पालकांच्या सभेपुढे वृद्ध कॅनर स्वतः उभे राहिले आणि त्यांनी मायबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

तो आरोप संपला असे मात्र समजू नये. त्याने केवळ वेष बदलला आहे. आज कपाटाऐवजी मोबाइल आला. ‘तू कामात राहिलीस, पोराच्या हाती मोबाइल दिलास, म्हणून असे झाले,’ हे वाक्य ऐकले नाही अशी आई विरळा. अतोनात मोबाइल कोणत्याच बालकास हितकर नाही हे खरे, पण त्याने ऑटिझम होत नाही. हे डॉक्टरांनी सांगितले तर आईची मान हलते. पण ज्या दुसऱ्या आईने तेच टोमणे सोसले आहेत तिने सांगितले, तर तिला त्या रात्री झोप लागते.

आपल्या देशातही आरंभ पालकांनीच केला. मेरी बरुआ ह्या मातेने आपल्या मुलाकरिता धडपडताना १९९१ साली दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’चा पाया घातला. तेथे एक प्रशिक्षण चालविले जाते. दूरदूरच्या प्रांतांतून मायबाप आपल्या बालकासह येतात, सुमारे तीन महिने राहतात आणि त्याला शिकविण्याची रीत स्वतः शिकून परत जातात. तीन महिने हा आकडा वाचून मला एलिझाबेथेच्या घराची आठवण झाली. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’ ही पालकांचीच संघटना आहे. छत्रपती संभाजीनगर येथे अंबिका टाकळकर ह्या मातेने ‘आरंभ’ हे केंद्र उभारले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याची गणना केली. ह्यामागेही पालकांचे वर्षानुवर्षांचे हेलपाटे आहेत.

आता कोणी म्हणेल, दिल्ली-मुंबईचे आम्हांस काय? पर्वत पाटियातील आईला दुसऱ्या आईपासून नेमके मिळणार काय? उत्तर अगदी घरगुती आहे. केस कापावयाचे तर मूल गाढ झोपल्यावर कात्रीने थोडे थोडे कापावे, हे तिला कळते. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला की ‘आता अंघोळ, मग पोळी’ हे मुलास उमजते आणि आक्रोश अर्ध्यावर येतो, हे कळते. सरकारी रुग्णालयातून दाखला कसा मिळवावा, दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज कोठे करावा, न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत वैद्यकीय खर्चाचे विमासंरक्षण आहे, हे कळते. अर्ज गुजरातीत असला आणि बापाचे शिक्षण मराठीत झाले असले, तर जिने तो एकदा भरला आहे तिच्याइतका चांगला मुनशी दुसरा नाही.

सुरतेतील घरांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. ‘घरात दोन-तीन भाषा आहेत म्हणून मूल बोलत नाही; मराठी सोडा, एकच भाषा ठेवा,’ असा उपदेश पुष्कळांस मिळतो. ह्यास आधार नाही. ज्या ज्या ठिकाणी संशोधकांनी हे तपासले, तेथे दोन भाषांमुळे ऑटिस्टिक बालकांच्या बोलण्याचे नुकसान झाल्याचे आढळले नाही. आणि विचार करा: आईने आपली खानदेशी बोली टाकून मोडक्यातोडक्या हिंदीत मुलाशी बोलावे, तर अंगाईगीत तरी तिने कोणत्या भाषेत म्हणावे?

दुसरी गोष्ट भीतीची आहे, पण लपवून उपयोग नाही. ही बालके नकळत घराबाहेर निघून जातात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चार वर्षांवरील सुमारे निम्म्या ऑटिस्टिक बालकांनी एकदा तरी असा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले. त्यांना पाण्याची ओढ फार. लिंबायत-पर्वत भागातून खाडी वाहते आणि पावसाळ्यात तिचे पाणी वस्तीत शिरते, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. नाव विचारले तर जे मूल सांगू शकत नाही, त्याचा चेहरा गल्लीतल्या चार-पाच घरांनी तरी ओळखला पाहिजे, आणि ते दिसेनासे झाले तर प्रथम पाण्याकडे धावावयाचे हे त्या घरांत आधीच ठरलेले पाहिजे. येथे पालकांची परस्परांची ओळख हा केवळ दिलासा राहत नाही. त्यावर एका लेकराचा जीव अवलंबून असतो.

तथापि मायबाप एकत्र आले की सारे सुरळीत होते असे नव्हे. घायकुतीला आलेली माणसे एकमेकांना भलत्या वाटाही दाखवितात. ज्या रिमलंडांनी मातांवरील कलंक पुसला, तेच पुढे लसींमुळे ऑटिझम होतो ह्या भ्रमाच्या बाजूस गेले. त्या भ्रमाचे मूळ असलेला १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने २०१० साली रद्द केला. तरी लस न टोचलेली बालके आजही त्याचे फळ भोगतात. आपल्याकडे मूलपेशींच्या उपचाराच्या नावाखाली गरिबांचे दागिने विकले जातात. ऑटिझमसाठी हा उपचार योग्य नसल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. म्हणून पालकांच्या बैठकीत एक नियम कडक असावा: कोणी औषध विकणार नाही, कोणी बरे करण्याची हमी देणार नाही.

आणि आपले चर्च? येथे एक कटू हकीकत सांगणे भाग आहे. फ्रान्समधील प्रॉफी दांपत्यास दोन गंभीर दिव्यांग पुत्र होते. त्यांना लूर्दच्या यात्रेस न्यावे ही त्यांची इच्छा. परंतु यात्रेकरूंच्या संघाने त्यांना बरोबर घेतले नाही. ते आपले आपण गेले, तर उतारगृहात त्यांना इतरांबरोबर न बसविता खोलीतच जेवावयास लावले. त्यांचे हे दुःख ऐकून मारी-एलेन मातिय व झाँ व्हानिए ह्यांनी १९७१ च्या ईस्टरला लूर्दची निराळी यात्रा काढली; सुमारे १२,००० माणसे आली, त्यांत ४,००० दिव्यांग होते. त्यातून ‘फेथ अँड लाइट’ हा संघ जन्मला. दिव्यांग व्यक्ती, त्यांचे मायबाप आणि मित्र महिन्यातून एकदा एकत्र जमतात, प्रार्थना करतात, जेवतात, गातात, एवढेच त्याचे कार्य. (व्हानिए ह्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, स्त्रियांबाबतची त्यांची दुष्कृत्ये उघडकीस आली. ती झाकावयाची नाहीत. पण त्या मायबापांची गरज त्यामुळे खोटी ठरत नाही.) २०१४ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस ह्यांनी व्हॅटिकनमध्ये ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांना भेटून ह्या कुटुंबांचा एकाकीपणा मोडण्याचे आवाहन केले.

आपल्याकडे मिस्सेच्या वेळी मूल ओरडले, कानांवर हात ठेवून डोलू लागले की मागच्या बाकांवरून पाहणारे डोळे त्या आईला कसे बोचतात, हे आपण सर्व जाणतो. दोन रविवार ती येते. तिसऱ्या रविवारी येत नाही. फ्रान्समधील ते उतारगृह आपल्यापासून फार दूर नाही.

पर्वत पाटियात कॅथलिक घरे थोडी. तेव्हा मरियेला भेटणारी एलिझाबेथ बहुधा शेजारच्या चाळीतील हिंदू किंवा मुसलमान बाई असेल. असू द्या. आरंभाला तीन घरे पुरेत. रविवारची दुपार निवडावी, कारण कापडबाजार त्या दिवशी बंद असतो आणि बापही येऊ शकतो. बैठक बायकांचीच झाली तर ओझे पुन्हा बायकांच्याच शिरावर राहील. दोन बापांनी मुलांकडे पाहावे, आयांनी बसावे. पुढच्या खेपेस उलट. मोठ्या भावंडांनाही बोलावावे, कारण त्यांना कोणी काही विचारीत नाही. खोली मोठी नको. धर्मगुरूंकडे मागितली तर शाळेचा एखादा वर्ग मिळू शकेल. बाहेरच्या दारास उंचावर कडी हवी, खिडक्यांना जाळी हवी, लुकलुकणारा दिवा व खडखडणारा पंखा आधी दुरुस्त करून घ्यावा. आणि कोपऱ्यात एक चटई असावी, गोंगाट सोसेनासा झाला की एखाद्या मुलास तेथे आपल्या झाकणांची ओळ मांडीत निवांत बसता यावे म्हणून.