जुन्या जीपच्या पुढल्या चाकाचा सांधा

मोटारगाडीची थोरवी बहुतेक लोक तिच्या इंजिनावरून मोजतात. परंतु गाडींत बसलेल्या माणसांचा जीव इंजिनापेक्षां चाकांच्या सांध्यांवर अधिक अवलंबून असतो. इंजिन बंद पडलें तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पुढल्या चाकाचा सांधा निकामी झाला तर ती कोठें जाईल, हें चालकाच्या हातीं राहत नाहीं. जुनी जीप हौसेनें बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें हा सांधा समजून घेणें अगत्याचें आहे.

ह्या गाडीचा मुंबईशीं संबंध जुना आहे. १९४१ ते १९४५ ह्या युद्धकाळांत विलीस व फोर्ड ह्या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें, परदेशांतून सुटे भाग आणून विलीस जीप जोडण्याचें काम माझगांव येथें सुरू केलें. पुढें त्याच घराण्यांतील गाड्या आपल्याकडे कित्येक दशकें बनत राहिल्या. त्यांतील अनेक अजूनही रस्त्यावर आहेत.

मागल्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीचें पुढलें चाक केवळ वळतें. मागलें चाक गाडी ढकलतें. जीपच्या पुढल्या चाकाला मात्र दोन्ही कामें एकाच वेळीं करावीं लागतात. याकरितां आंसाच्या नळीच्या टोकाला लोखंडाचा एक पोकळ गोळा बसविलेला असतो. त्याच्या पोटांतून चाक फिरविणारा दांडा जातो व तेथेंच त्याला वांकणारा सांधा असतो. साधा क्रॉसचा सांधा वांकला असतां दांडा एकसारख्या गतीनें फिरत नाहीं, क्षणांत जलद व क्षणांत मंद फिरतो. म्हणून कित्येक जीपगाड्यांत पोलादी गोळ्यांचे समगति सांधे योजिले आहेत. रझेपा पद्धतीच्या सांध्यांत असे सहा गोळे असतात.

पोकळ गोळ्याभोंवतीं जें बाहेरचें कवच वळतें त्याला कारागीर नकल म्हणतात. दाराला जशा वरची व खालची अशा दोन बिजागऱ्या, तशा ह्या नकलेला दोन खुंट्या असतात. त्या किंगपिन होत. प्रत्येक खुंटी निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगमध्यें बसते. आंतील तेल बाहेर येऊं नये व बाहेरची घाण आंत जाऊं नये म्हणून गोळ्याला घासून नमद्याची किंवा रबराची सील लावलेली असते.

मुंबईचा पावसाळा हा ह्या सांध्याचा वैरी आहे. परळच्या हिंदमाता भागाचें नांव तर तुंबलेल्या पाण्यासाठीं वर्षानुवर्षें सर्वतोमुखीं झालेलें आहे. चालून तापलेला सांधा अशा पाण्यांत एकदम निवला कीं आंतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या सीलवाटें पाणी ओढलें जातें. त्यांत समुद्राची खारी हवा. गोळ्याच्या गुळगुळीत पाठीवर गंज चढतो, त्याचे खड्डे पडतात, आणि ते खड्डे नवी सीलही खरवडून काढतात.

चाकाच्या आंतल्या अंगाला तेलाचे ओघळ दिसूं लागले म्हणजे मालक नवी सील घालून मोकळा होतो. येथेंच बहुधा फसगत होते. गळती हें लक्षण आहे. रोग पुष्कळदां बेअरिंगांत असतो. खुंट्या सैल झाल्या कीं नकल डुलते आणि सील एका बाजूनें झिजते. पुढें एखाद्या विशिष्ट वेगाला चाकें थडथडूं लागतात व सुकाणूचें चक्र हातांत थरथरतें. नकलेंतील तेल पातळ होऊन वाढलेलें आढळलें, तर आंसाच्या नळींतील आंतली सीलही गेली असें समजावें.

दुरुस्तीपूर्वीं मागल्या चाकांना अडणी लावून गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी; केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं जाऊं नये. चाक, हब, ब्रेकची थाळी व आंतील दांडा क्रमानें काढल्यावर खुंट्यांचीं झांकणें उघडतात. झांकणांखालीं पत्र्याच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, असतात. वरच्या व खालच्या चकत्या वेगळ्या बांधून ठेवाव्या. मग सर्व भाग रॉकेलनें धुवून बेअरिंगचे कप उजेडांत पाहावे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्यामुळें रोलर त्याच त्याच जागीं आदळतात व तेथें बारीक खांचा पडतात. अशी खांच बोटाला लागली तर कप व रोलर दोन्ही बदलावे. एक जुना व एक नवा अशी जोडी लावूं नये. ऑपेरा हाऊसच्या परिसरांतील दुकानांत नवे भाग शोधतां येतात. खड्डे पडलेला गोळा मात्र घासून गुळगुळीत करावा, नाहीं तर बदलावा.

यापुढचें काम नाजूक आहे. विलीस जीपसाठीं ३, ५, १० व ३० हजारांश इंच जाडीच्या चकत्या असत. चकती काढली कीं बेअरिंग आवळतें. घातली कीं सैल होतें. वर व खालीं चकत्यांची जाडी सारखी ठेवावी, म्हणजे नकल गोळ्याच्या मध्यावर राहते. झांकणें घट्ट करून, परंतु सील व जोडदांडा लावण्यापूर्वीं, नकलेच्या भुजेला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवावा व ती संथपणें ओढावी. फिरत असतांना कांटा जो भार दाखवील तो गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं जुळला पाहिजे. सील आधीं लावली तर तिचें घर्षण त्यांत मिसळतें व माप खोटें ठरतें. भार कमी असेल तर चाक थडथडेल. अधिक असेल तर वळणानंतर चक्र आपोआप सरळ होणार नाहीं व नवें बेअरिंगही लौकर झिजेल.

हें माप कारागीरापाशीं उभें राहून पाहावयास मालकानें संकोचूं नये. नव्या सीलची किंमत पावतीवर दिसते, पण बेअरिंगचा ताण दिसत नाहीं. शेवटीं चाकांची दिशा जुळवावी, पुस्तिकेंत सांगितलेलें वंगण भरावें, रहदारी नसलेल्या रस्त्यावर गाडी हळू चालवून पाहावी आणि थोड्या दिवसांनीं झांकणांचे बोल्ट पुन्हां तपासावे. त्यानंतर दरवर्षीं पावसाळा संपतांच चाक उचलून वर-खालीं हलवून पाहिलें, तर सांध्याची ढिलाई वेळींच कळून येते.