कड्यावरचे शिवालय आणि सीमेवरचे राजकारण

डांगरेक पर्वताच्या कड्यावर, सुमारे सव्वापाचशे मीटर उंचीवर, प्रेआ विहारचे प्राचीन शिवालय उभे आहे. ख्मेर राजांनी ते उभारले, तेव्हा आजच्या अर्थाने ना थायलंड होते, ना कंबोडिया. आज मात्र हेच देऊळ उभय देशांच्या वैराचे प्रतीक बनून राहिले आहे.

दोन्ही बाजूंच्या जखमा खोट्या नाहीत. १४३१ मध्ये अयुत्थयाच्या सैन्याने अंगकोर घेतले, हे कंबोडिया विसरलेला नाही. १९०७ मध्ये फ्रेंचांच्या दबावाखाली बट्टमबंग व सिएम रिआप हे प्रांत सोडावे लागले, याचे शल्य थायलंडला आहे. १९०४ च्या करारात जलविभाजक रेषा ही सीमा ठरली. परंतु फ्रेंच अधिकाऱ्यांच्या नकाशाने देऊळ कंबोडियात दाखविले. सयामने अनेक दशके त्यास हरकत घेतली नाही. याच मौनाचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाचे ठरविले.

न्यायनिवाड्याने वाद मिटतात. पण वादावरच ज्यांची सत्ता पोसली जाते, त्यांना तो मिटलेला परवडत नाही. जानेवारी २००३ मध्ये, अंगकोर थायलंडचेच आहे असे एका थाई अभिनेत्रीने म्हटल्याची बातमी पसरली. तिने तसे म्हटल्याचा साफ इन्कार केला. तथापि, पंतप्रधान हुन सेन यांनीच त्या वावडीस जाहीर भाषणातून हवा दिली आणि नॉम पेन्हमधील थाई वकिलात जळून खाक झाली. २००८ मध्ये युनेस्कोने देवळास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा बँकॉकमध्ये राष्ट्रद्रोहाची हाकाटी उठली आणि परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावे लागले. राजधान्या निराळ्या, रीत मात्र एकच!

या वक्तृत्वाची किंमत वक्ते मोजत नाहीत. जुलै २०२५ मध्ये सीमेवर पाच दिवस तोफा धडाडल्या, तेव्हा सुमारे तीन लाख माणसे घरेदारे सोडून निघाली. थायलंडमध्ये मजुरी करणारे लक्षावधी कंबोडियन कामगार मायदेशी परतले. मलेशियात झालेला युद्धविराम वर्षअखेरीपर्यंतही टिकला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला.

इतिहास विसरावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु इतिहास शिकविणे वेगळे आणि इतिहास उगाळणे वेगळे. शिकविलेल्या इतिहासात आपल्या पूर्वजांच्या चुकांनाही जागा असते. उगाळलेल्या इतिहासात केवळ शेजाऱ्याच्या. थाई आणि कंबोडियन मुलांना रामकथा, बुद्धवचन आणि परस्परांशी जवळीक सांगणाऱ्या लिप्या वारशाने मिळाल्या आहेत. शाळेच्या पाठात त्या वारशाला स्थान मिळेल, की पराभवांच्या यादीलाच, यावर पुढच्या पिढीची शांतता अवलंबून राहील. कड्यावरच्या देवळाने राज्ये आली-गेलेली पाहिली आहेत. त्याला रक्षणासाठी तोफांची गरज कधीच नव्हती.