कौतुक करताय की ‘सैतान’ म्हणताय? ‘गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू’चा नेमका अर्थ काय?

समजा, बॉसने प्रमोशनची पोस्ट टाकली आणि तुम्ही कमेंट केली, ‘गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू, सर!’ तुम्हाला म्हणायचं होतं की श्रेय सरांचंच आहे. सरांना मात्र त्यातून कळलं, ‘तुम्ही मला आवडत नाही, पण काम चांगलं करता!’

अर्थ काय?

शब्दशः अर्थ आहे, ‘सैतानाचं जे देणं असेल ते त्याला द्या.’ म्हणजे माणूस नावडता, विरोधक किंवा चक्क वाईट असला, तरी त्याची चांगली बाजू मान्य करा. ‘बाकी कसाही असो, पण याबाबतीत त्याला मानलं पाहिजे,’ असं आपण मराठीत म्हणतो, तेच हे.

आला कुठून?

शेक्सपिअरचं ‘हेन्री द फोर्थ, पार्ट वन’ हे नाटक १५९८ मध्ये छापलं गेलं. त्यात फॉल्स्टाफ नावाचा खादाड सरदार आहे. त्याने ऐन गुड फ्रायडेला पेलाभर दारू आणि कोंबड्याच्या तंगडीसाठी आपला आत्मा सैतानाला विकला, अशी थट्टा चालते. त्यावर राजपुत्र म्हणतो, फॉल्स्टाफ म्हणी मोडणारा नाही, तो सैतानाचं देणं देईलच! म्हणजे ही म्हण तेव्हाही लोकांना माहीत होती.

यातला ‘ड्यू’ म्हणजे ‘बिल ड्यू आहे’ मधलाच. तिथे देणं आत्म्याचं होतं, आज ते श्रेयाचं असतं.

कधी वापरायचं?

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादची वर्ल्डकप फायनल. ट्रॅव्हिस हेडने १२० चेंडूंत १३७ धावा केल्या आणि कप ऑस्ट्रेलियाला गेला. आपल्यासाठी तो त्या रात्रीचा खलनायक, पण खेळला जबरदस्त! इथे हा वाक्प्रचार चपखल बसतो.

शिक्षक, बॉस किंवा मित्राचं मनापासून कौतुक करायचं असेल, तर ‘हॅट्स ऑफ’ किंवा ‘क्रेडिट व्हेअर क्रेडिट इज ड्यू’ म्हणा.

गुण शत्रूचे असले तरी सांगावेत, अशा अर्थाचं संस्कृत सुभाषितही आहे. सोशल मीडियावर मात्र विरोधकाबद्दल एक चांगला शब्द लिहिला, की आपलेच लोक विचारतात, ‘तू नक्की कोणाच्या बाजूने?’ अशा वेळी त्यांना हा वाक्प्रचार जरूर ऐकवा. बाजू न बदलताही श्रेय देता येतं.