आजोबांची बंदूक आणि चौकातला वेल्डर

रात्री दीड वाजता, उद्याचा सबमिशनचा विषय बाजूला ठेवून, तुम्ही तो व्हिडिओ बघत असता. गंजून लाल झालेली शंभर वर्षांपूर्वीची बंदूक. परदेशातला कुणी तरी ती खोलतो, गंज काढतो, पडलेले खड्डे वेल्डिंगनं भरतो, घासतो, पॉलिश करतो. पंधरा मिनिटांत नवी कोरी! आणि मग तुम्हाला आठवतं, की गावाकडच्या घरात आजोबांची भरमार बंदूक आहे. कधीकाळी पिकातली रानडुकरं आणि रोही हाकलायला परवाना काढून घेतलेली. घोडा तुटलेला, नळीवर गंज. ‘सुट्टीत नेऊ या चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडे, दोन टाके मारून देईल!’

थांबा. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठल्याही गावच्या चौकातला वेल्डर कितीही हुशार असो, हे काम त्याच्याकडे न्यायचं नाही. आणि तुम्ही स्वतः तर मुळीच करायचं नाही. का, ते आधी समजून घेऊ. मग जुन्या वस्तूला कोणतं वेल्डिंग चालतं, ते बघू. कारण छंद छानच आहे, फक्त सुरुवातीची वस्तू चुकली आहे.

आधी कायदा

१९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बनवणं, बदलणं किंवा दुरुस्त करणं यासाठी किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. ‘फक्त छंद म्हणून केलं हो साहेब’ हे उत्तर तिथं चालत नाही. तुमच्यामुळे तो चौकातला वेल्डरही अडकतो.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या नावावर परवाना होता ते आजोबा आता नसतील, तर बंदूक ‘आपल्या घरची’ म्हणून माळ्यावर ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसानं जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करायचा. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच.

मग धातू

समजा कायद्याचं सगळं नीट आहे आणि कारागीरही परवानाधारक आहे. तरी वेल्डिंग कुठे करायचं, हा प्रश्न उरतोच. बार उडतो त्या क्षणी नळीत बाहेरच्या हवेच्या कित्येक शे पट दाब तयार होतो. अनेक जुन्या नळ्या लोखंडी पट्ट्या गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेल्या असत. बैलगाडीच्या चाकाची धाव लोहार जशी तापवून ठोकून जोडतो, तशाच. अशा नळीवर वेल्डिंगचा एक ठिपका दिला, तरी त्याच्या शेजारचं लोखंड बदलतं. वरून चकचकीत, आतून कमजोर. ती फुटेल तेव्हा धरणाऱ्याचा हात आणि चेहरा तिथंच असतो. म्हणून नळी आणि तिच्या मागचा बंद भाग यांना वेल्डिंग नाही, कोणत्याही पद्धतीचं नाही.

घोडा, चाप, कमान हे भाग मुद्दाम कडक केलेले असतात. पोलादाची कमान साधारण ३०० अंशांना निळी पडते, आणि तेवढ्याच उष्णतेवर तिचा कस ठरवलेला असतो. वेल्डिंगचं तापमान दीड हजार अंशांच्या आसपास. एकदा तापली की कमान मऊ पडली, काम संपलं. चापाभोवतीची कडी किंवा दस्त्याची पट्टी अशा दाब न झेलणाऱ्या भागांपुरतीच वेल्डिंगची बात निघू शकते, तीही कारागिराच्या हातून.

यातून निघणारा नियम मात्र सगळ्या जुन्या वस्तूंना लागू पडतो. वेल्डिंगची पद्धत मशीन बघून निवडायची नसते. धातू कोणता, जाडी किती आणि तो भाग किती उष्णता सोसेल, हे तीन प्रश्न आधी विचारायचे.

कशाला कोणती पद्धत?

आर्क वेल्डिंग, म्हणजे आपलं रॉडचं वेल्डिंग. गेट, ट्रॉली, वखर, सगळीकडे हेच. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड लोखंडाला उत्तम. मशीन स्वस्त, उघड्यावर, वाऱ्यातही चालतं. पण सायकलच्या मडगार्डवर लावलं, की जोड व्हायच्या आधी भोक पडतं.

मिग, ज्याला दुकानात ‘सीओटू’ म्हणतात. यात तार आपोआप पुढे सरकते आणि गॅस जोडाचं हवेपासून रक्षण करतो. गाडीच्या पत्र्याला चांगलं, शिकायला सोपं. मात्र जोरात पंखा चालू असेल तर गॅस उडून जातो आणि जोडात भोकं राहतात.

टिग, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘आरगॉन’. स्टीलचे जिने-रेलिंग करणाऱ्यांकडे हे दिसतं. ठिणग्या जवळपास नाहीत, उष्णता नेमक्या जागी, भर हातानं थेंबाथेंबानं घालता येते. व्हिडिओतले ते खड्डे बहुतेक यानंच भरलेले असतात. पण वेळ लागतो, खर्च जास्त, हात स्थिर हवा आणि धातूवर गंज-तेलाचा लवलेश चालत नाही.

गॅस वेल्डिंगची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते, पण उष्णता पसरते आणि पातळ पत्रा वाकडा होतो. तीच ज्योत मऊ ठेवून केलेलं ब्रेझिंग मात्र जुन्या वस्तूंचं खरं औषध आहे. यात मूळ लोखंड वितळत नाही. टाकणखार लावून नऊशे अंशांच्या आसपास पितळ वितळवायचं आणि ते सांध्यात शिरू द्यायचं. आजोबांच्या काळ्या सायकलची फ्रेम अशीच जोडलेली असते. तिथं रॉड मारला, तर जोडाशेजारची नळी काही दिवसांत तडकू शकते.

शिलाई मशीनचा सांगाडा किंवा जुना तराजू बिडाचा असेल तर आणखी सावध. बीड एका जागी तापवलं की थंड होताना टणकन तडकतं. आधी सगळा तुकडा सावकाश गरम करायचा, निकेलचा रॉड किंवा ब्रेझिंग वापरायचं आणि मग राखेत गाडून हळूहळू थंड होऊ द्यायचं.

धातू ओळखायचा कसा? लोहचुंबक लावा, पितळ वेगळं पडेल. नको असलेला तुकडा ग्राइंडरवर धरा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर, बिडाच्या आखूड आणि लालसर. कानस नुसतीच घसरत असेल, तर पोलाद कडक केलेलं आहे, त्याला तापवू नका.

सुरुवात अशी करा

आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तेवढा वेळ नसेल तर ओळखीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सुट्टीचे पंधरा दिवस उभे राहा. पहिले दोन दिवस फक्त बघा. मग भंगारातल्या दोन पट्ट्या घ्या, अडीच मिलिमीटरचा रॉड, साधारण ७० ते ८० अँपिअर. जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्यानं वाकवा. जोड तुटला तर परत. पट्टी वाकली आणि जोड टिकला, की समजा हात बसतोय.

डोळ्यांना १० किंवा ११ नंबरची काळी काच हवीच. एकदा उघड्या डोळ्यांनी बघितलंत, तर रात्री डोळ्यांत वाळू शिरल्यासारखं होऊन झोप उडेल. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, नायलॉन नको. मे महिन्यात घामानं ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नका, शॉक बसतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जाळू नका, त्या धुरानं ताप येतो. जुन्या लुना-राजदूतच्या पेट्रोलच्या टाकीला हात लावू नका, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची असते. आणि आपल्या जिल्ह्यात हे खास सांगायला हवं: ज्या घरात वेचणीचा कापूस भरून ठेवलाय, त्याच्या आसपास मशीन चालूच करू नका. एक ठिणगी आणि वर्षाची कमाई राख.

मग आजोबांच्या बंदुकीचं काय? कागदपत्रं बघा, घरच्यांशी बोला, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. परवान्यानं ती घरात राहिली, तर मालकानं बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवला तरी गंज थांबतो. तुटलेला घोडा तुटलेलाच राहिला म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेली त्यांची ती काळी सायकल? तिला परवाना लागत नाही. या सुट्टीत तिच्यापासून सुरुवात करा.